इतिहासाच्या पदवीसाठी कॉलेज निवडताना: तुझं लिहिलेलं कोण वाचणार?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळा संपली, इतिहासातच पदवी घ्यायची हे पक्कं. तीन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे. पहिलं कॉलेज फार नावाजलेलं, पण पहिल्या वर्षाच्या इतिहासाच्या वर्गात दोनशेच्या आसपास मुलं. दुसरं मोठं विद्यापीठ, पदवी चार वर्षांची, मुख्य विषय दुसऱ्या वर्षी ठरवायचा. तिसरं लहान, इतिहास विभागात चारच शिक्षक, नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. घरच्यांचा कल पहिल्याकडे आहे. कसं ठरवू?

मी पंचवीसहून अधिक वर्षं पदवीच्या मुलांना इतिहास शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं प्रवेशाचं कामही पाहिलं आहे. म्हणून आधी मत सांगून टाकते, कारणं मागून देते. तिन्ही ठिकाणांना एकच प्रश्न विचार: तिथे मी लिहिलेलं कोण वाचणार, किती वेळा वाचणार आणि वाचून मला काय सांगणार? या प्रश्नाचं नीट उत्तर जिथून मिळेल ते कॉलेज घे. नाव, इमारत, आवार हे सगळं त्यानंतर.

मी स्वतः जिथे पदवी घेतली तिथे तीन वर्षांत माझा एकही निबंध शेरे लिहून परत आला नाही. गुण मिळायचे, चांगले मिळायचे, त्यामुळे आपलं काही अडतंय असं कधी वाटलंच नाही. पुढे एम.ए.ला गेले. तिथला पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर गुण नव्हते. समासात सात-आठ ठिकाणी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'कशावरून?' त्या रात्री मी माझाच निबंध पुन्हा वाचला आणि लक्षात आलं की त्यातल्या निम्म्या वाक्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ती कुठेतरी वाचली होती, बस्स. पदवीची तीन वर्षं मी इतरांचे निष्कर्ष सुवाच्य अक्षरात उतरवून काढले होते. हे तुझ्या वाट्याला येऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

शाळेत इतिहास आपल्यासमोर तयार होऊन येतो: सन, तह, कारणं, परिणाम. पदवीला पहिल्यांदा कळतं की त्या प्रत्येक ओळीमागे कुणीतरी कागद वाचलेला असतो, त्यावर शंका घेतलेली असते, दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिलेलं असतं. हे काम व्याख्यान ऐकून येत नाही. रंधा कसा मारायचा हे सुताराने कितीही छान समजावून सांगितलं तरी फळी आपल्याच हाताने घासावी लागते, आणि कुठे जास्त घासली गेली ते शेजारी उभं राहून कुणीतरी दाखवावं लागतं.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण देते. ५ मे १७८९ रोजी फ्रान्समध्ये इस्टेट्स-जनरल ही धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा सुरू झाली. त्याआधीच्या महिन्यांत गावोगावी बैठका होऊन लोकांची गाऱ्हाणी वह्यांमध्ये लिहून घेतली गेली. काये द दोलेआंस म्हणजे गाऱ्हाण्यांच्या वह्या. अशा एका खेड्यातल्या वहीचं एक पान मी दुसऱ्या सत्रात भाषांतरात वाचायला देते. मिठावरचा कर जाचक आहे, असं त्यात असतं. जमीनदाराच्या खुराड्यातली कबुतरं पेरलेलं बी टिपून खातात आणि त्यांना हात लावायची आम्हाला मुभा नाही, असंही असतं. मुलं पहिल्या खर्ड्यात हमखास लिहितात, 'शेतकरी मिठाच्या कराने त्रस्त झाले होते.' मी समासात विचारते: वही लिहिली कोणी?

इथून खरा अभ्यास सुरू होतो. गावातल्या बऱ्याच जणांना लिहिता येत नव्हतं. लेखणी पुष्कळदा स्थानिक वकिलाच्या, नोटरीच्या किंवा अशाच कुणा शिकलेल्या माणसाच्या हातात होती. त्यात वहीत काय मागावं याचे नमुनेही सगळीकडे फिरत होते, त्यामुळे एका गावाचं वाक्य दुसऱ्या गावाच्या वहीत जसंच्या तसं भेटतं. मग मिठाच्या कराबद्दलचं ते सुरेख वाक्य गावाचं की नमुन्याचं? कबुतरांचं गाऱ्हाणं नमुन्यात नसेल आणि याच वहीत असेल, तर त्याचं वजन वाढतं का? आणि नमुन्यातलं वाक्य असलं तरी गावाने ते ठेवलं, दुसरं गाळलं, यावरून काही कळतं का? दुसऱ्या खर्ड्यात तीच मुलं अडखळत, पण स्वतःच्या डोक्याने लिहायला लागतात. तिसऱ्या खर्ड्यापर्यंत काही जण असं काहीतरी लिहितात जे मलाही सुचलेलं नसतं.

एक पान, तीन खर्डे, तीन वेळा शेरे. हे वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात जमतं. दोनशेच्या वर्गात जमत नाही. तो वर्ग दहा-पंधराच्या गटांत मोडून प्रत्येक गटाला ट्यूटोरियल असेल तर मात्र जमतं. म्हणून पहिल्या कॉलेजला विचारायचा प्रश्न 'वर्गात मुलं किती' एवढ्यावर थांबवू नकोस. मोठं व्याख्यान आणि त्याच्या जोडीला लहान गट ही चांगली पद्धत आहे, अनेक उत्तम विद्यापीठांत ती चालते. गट केवढे, आठवड्यातून किती वेळा बसतात, गटाला शिकवणारा शिकलेला कशात आहे, आणि तोच निबंध तपासतो की तपासायला वेगळीच व्यक्ती असते, हे विचार.

आता नावाबद्दल, कारण घरात चर्चा त्याचीच चालू असणार.

नावाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. नावाजलेल्या ठिकाणी बरोबरीची मुलं हुशार असतात, आणि पदवीच्या वर्षांत माणूस निम्मं तरी बरोबरीच्यांकडून शिकतो. ग्रंथालय सहसा चांगलं असतं. माजी विद्यार्थी सगळीकडे पसरलेले असतात. पण नाव कशावरून झालं हे पाहा. विषयवार क्रमवारीचीच गोष्ट घे. क्यूएस या जगभरच्या विद्यापीठांची क्रमवारी लावणाऱ्या संस्थेची यादी प्रामुख्याने दोन गोष्टींवर उभी असते: प्राध्यापकांमध्ये आणि नोकरी देणाऱ्यांमध्ये त्या संस्थेबद्दल काय मत आहे याची सर्वेक्षणं, आणि तिथल्या संशोधनाला इतरांनी किती संदर्भ दिले याची मोजणी. पहिल्या वर्षाच्या मुलीचा निबंध कुणी वाचला का, हे यात कुठेच मोजलं जात नाही. इतिहासाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आमच्या विषयातलं मोठं काम बहुधा पुस्तकाच्या रूपात येतं, आणि संदर्भांची मोजणी मुख्यतः नियतकालिकांतल्या लेखांवर चालते. म्हणजे जे मोजलं जातं ते संशोधनाचंही अर्धवटच चित्र असतं.

शिवाय ज्या नावांमुळे विभाग गाजतो ती माणसं पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात का? काही ठिकाणी शिकवतात, आणि ते भाग्यच. पुष्कळ ठिकाणी मोठे संशोधक फक्त पदव्युत्तर मुलांना भेटतात आणि खालचे वर्ग सत्रापुरत्या नेमलेल्या तासिका शिक्षकांवर सोडलेले असतात. त्यांतले कित्येक जण जीव ओतून शिकवतात, मी त्यांच्यासोबत काम केलं आहे. पण पुढच्या सत्रात ते तिथे असतीलच असं नाही. शिफारसपत्र मागायची वेळ येते तेव्हा तुला ओळखणारं कुणी विभागात उरलेलं नसतं.

एकट्या नावाच्या जोरावर इतिहास चालत नाही याचा मोठा दाखला १९८३ मध्ये मिळाला. हिटलरच्या रोजनिश्या सापडल्या असं 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने जाहीर केलं. ह्यू ट्रेव्हर-रोपर म्हणजे ऑक्सफर्डचे माजी रीजियस प्राध्यापक (राजघराण्याच्या नावाने दिलं जाणारं इतिहासाचं मानाचं पद), हिटलरच्या काळाचे जगन्मान्य अभ्यासक. त्यांनी झुरिकच्या बँकेत त्या वह्या थोडा वेळ पाहिल्या आणि त्या अस्सल असल्याचा निर्वाळा दिला. नंतर त्यांना स्वतःलाच शंका येऊ लागली. मे महिन्यात पश्चिम जर्मनीच्या सरकारी अभिलेखागाराने कागद आणि बांधणी तपासली तेव्हा त्यात युद्धानंतरच्या काळातले पदार्थ निघाले. वह्या बनावट होत्या. ट्रेव्हर-रोपर काही कच्चे अभ्यासक नव्हते, म्हणूनच ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. कागद कुठून आला, कुणाकुणाच्या हातून गेला, कशावर लिहिला आहे, हे प्रश्न विचारायला पुरेसा वेळ मिळाला नाही तर कुणीही फसू शकतं.

म्हणून अभ्यासक्रमात सगळ्यात आधी शोधायचा तो साधनांच्या चिकित्सेचा पेपर. त्याला कुठे इतिहासलेखनशास्त्र म्हणतात, कुठे संशोधनपद्धती. तो शेवटच्या वर्षी एकदाच उरकलेला असेल तर जरा सावध हो. पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून थोडा थोडा येत असेल तर विभागाने विचार केलेला आहे असं समज. आणि तो शिकवतात कसा, हे विचार. इतिहासकारांची नावं आणि त्यांचे 'विचार' पाठ करून घेणारा पेपर मी पाहिला आहे. त्यातून मुलांच्या हाती काहीच लागत नाही.

चांगला पेपर कसा असतो ते सांगते. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ रोजी झाला असं पुस्तकात असतं. पण त्या काळच्या इंग्लंडमधल्या कागदांवर ३० जानेवारी १६४८ अशी तारीख दिसते, आणि युरोपात इतरत्र लिहिलेल्या एखाद्या पत्रात तोच दिवस ९ फेब्रुवारी १६४९ म्हणून येऊ शकतो. तिन्ही बरोबर आहेत. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे जानेवारी जुन्या वर्षातच मोजला जाई. आणि ज्या देशांनी १५८२ पासून ग्रेगरियन पंचांग स्वीकारलं ते दहा दिवस पुढे होते. इंग्लंडने हे दोन्ही बदल थेट १७५२ मध्ये केले. हे तीन कागद मुलांपुढे ठेवून 'यातला कुठला खोटा?' असं विचारलं की वर्गात अर्धा तास कुणी घड्याळाकडे पाहत नाही. दोन पत्रांपैकी आधी कोणतं लिहिलं गेलं हे ठरवताना पुढे जन्मभर ती मुलं आधी पंचांग तपासतात. ज्या विभागात असे तास होतात तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ते आठवत असतात. त्यांना गाठून विचार, 'इथला एखादा तास सांगा जो अजून डोक्यात आहे.' उत्तर पटकन आलं की समजून जा.

दुसरी तपासायची गोष्ट जुन्या प्रश्नपत्रिका. त्या बहुतेक ठिकाणी मिळतात, आणि विभागाबद्दल माहितीपत्रकापेक्षा खरं सांगतात. 'फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे स्पष्ट करा' असाच प्रश्न पाच वर्षं फिरून फिरून येत असेल, तर तीन वर्षांत तुझी स्मरणशक्ती तेवढी वाढेल. एखादा उतारा देऊन 'हा लिहिणारा काय लपवतो आहे?' किंवा दोन इतिहासकारांची मतं देऊन 'यांचं भांडण पुराव्याबद्दल आहे की अर्थ लावण्याबद्दल?' असं विचारलेलं दिसलं, तर तिथे विचार करायला लावतात. एकूण गुणांपैकी किती गुण वर्षभराच्या लिखाणाला आणि किती शेवटच्या परीक्षेला, तेही पाहून घे. नव्वद टक्के वजन तीन तासांच्या पेपरला असेल तर शिक्षकांच्या मनात कितीही असलं तरी मुलं वर्षभर लिहीत नाहीत. आम्हाला हे पुरतं ठाऊक आहे.

तिसरी म्हणजे शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध. आठ-दहा हजार शब्दांचं, स्वतः निवडलेल्या विषयावरचं, मूळ साधनं वाचून केलेलं काम. तो सक्तीचा आहे की ऐच्छिक, एका शिक्षकाकडे किती मुलं असतात, वर्षभरात भेटी किती, हे विचार. आणि शक्य असेल तर मागच्या दोन वर्षांच्या लघुप्रबंधांच्या शीर्षकांची यादी माग. मी स्वतः कॉलेज निवडायला बसले तर सगळ्यात आधी ही यादी वाचेन. 'एका व्यक्तीचे जीवन व कार्य' या साच्यातले विषयच ओळीने असतील तर मार्गदर्शन कमी आहे. एखाद्या गिरणीचा हजेरीपट, एखाद्या शाळेची नोंदवही, कुणा स्थलांतरितांच्या मुलाखती असे विषय दिसले, तर कुणीतरी त्या मुलांना हाताला धरून दफ्तरखान्यापर्यंत नेलं आहे. मौखिक इतिहासाची सोय आहे का तेही बघ. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात १९४८ मध्ये मुलाखतींचं पद्धतशीर संकलन सुरू झालं, तेव्हापासून ती एक रीतसर पद्धत आहे: प्रश्न कसे घडवायचे, मुलाखत कशी नोंदवायची, संमती कशी घ्यायची. ते शिकवणारं कुणी असलं तर ज्या लोकांनी कधी कागद लिहिलेच नाहीत त्यांचा इतिहास तुझ्या आवाक्यात येतो.

अभ्यासक्रमाची रुंदी हा नाजूक भाग आहे. एका देशाचा राजकीय इतिहास सहा पेपरांत कापून दिला आहे की आर्थिक, सामाजिक, स्त्रियांचा, पर्यावरणाचा, समुद्रव्यापाराचा असे वेगवेगळे धागे आहेत? प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक तिन्ही शिकवायला त्या त्या काळाचं माणूस आहे का? पण यादी लांब म्हणून भुलू नकोस. माहितीपत्रकात चाळीस ऐच्छिक पेपर छापलेले असतात आणि एका वर्षात प्रत्यक्षात सहा चालतात. म्हणून विचारायचं ते असं: गेल्या दोन वर्षांत यातले कोणते पेपर खरोखर शिकवले गेले?

आता भाषा. याकडे जवळजवळ सगळे दुर्लक्ष करतात आणि पुढे पस्तावतात. इतिहासात तू कुठवर जाशील हे पुष्कळ अंशी तू काय वाचू शकतेस यावर ठरतं. कैरोमधल्या एका जुन्या सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, कोठीत शतकानुशतकं टाकून दिलेले कागद साठले होते. केंब्रिजचे हिब्रूचे अभ्यासक सॉलोमन शेक्टर यांनी १८९६-९७ मध्ये त्यातले बरेचसे केंब्रिजला नेले. तिथे आज सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे आहेत. त्यांत अकराव्या-बाराव्या शतकातल्या व्यापाऱ्यांची पत्रं आहेत, एडनहून भारताच्या किनाऱ्याशी चाललेल्या मिरी-लोखंडाच्या व्यवहाराची. पण त्या पत्रांची भाषा अरबी आणि लिपी हिब्रू. नुसती अरबी येणाऱ्याला अक्षर लागत नाही, नुसतं हिब्रू येणाऱ्याला अर्थ लागत नाही. दोन्ही शिकलेली मोजकी माणसं बसली आणि हिंदी महासागराच्या मध्ययुगीन व्यापाराचं चित्रच बदललं. डच ईस्ट इंडिया कंपनीचं दफ्तरही तसंच. १६०२ ते १७९९ मधले अंदाजे अडीच कोटी पानांचे कागद हेग, जकार्ता, कोलंबो, चेन्नई आणि केपटाऊनला विखुरले आहेत, आणि २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत आहेत. आशियातल्या कितीतरी बंदरांच्या रोजच्या जगण्याबद्दल त्यांत आहे. जुनी डच वाचता आली तर दार उघडं.

तेव्हा कॉलेजात कोणत्या भाषा शिकता येतात, जुन्या लिप्या वाचायला कुणी शिकवतं का, भाषेचे गुण पदवीत धरले जातात का, हे विचारून घे. पहिल्या वर्षी सुरू केलेली फारसी, लॅटिन, पोर्तुगीज किंवा मोडीसारखी लिपी तिसऱ्या वर्षापर्यंत हाताला बसते. पदवीनंतर सुरू केली तर संशोधनाची वर्षं त्यातच जातात. आणि याच्या जोडीला दुसरा प्रश्न: निबंध कोणत्या भाषेत लिहिता येतो? वाचायचं इंग्रजीत आणि विचार मातृभाषेत अशी ओढाताण असलेली किती तरी मुलं मी पाहिली. त्यांची समज पक्की असते, निबंध मात्र लंगडा दिसतो. मातृभाषेत लिहायची मुभा असेल, किंवा इंग्रजी लिखाणासाठी स्वतंत्र मदत मिळत असेल, तर ती फार मोलाची सोय आहे.

ग्रंथालयाची पारख घरी बसून करता येते. तुला आवडेल अशा एका पेपरची वाचनयादी मिळव. त्यातली दहा पुस्तकं कॉलेजच्या ऑनलाइन सूचीत शोध. किती आहेत, प्रती किती, घरी नेता येतात का? मग यादीतलं सगळ्यात नवं पुस्तक कोणत्या सालचं ते पाहा. पंचवीस वर्षांत यादीत भर पडली नसेल तर शिक्षकांचं वाचनही तिथेच थांबलेलं असण्याची शक्यता मोठी. जेस्टोरसारख्या लेखसंग्रहाची वर्गणी आहे का आणि ती घरून वापरता येते का, हेही विचार. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातल्या १६७४ ते १९१३ पर्यंतच्या खटल्यांसारखी साधनं आज कुणालाही फुकट वाचता येतात, त्यामुळे लहान कॉलेज पूर्वीइतकं मागे राहत नाही. मात्र ती वर्गात वापरणारा शिक्षक हवा.

पदवीच्या रचनेचं जास्त ताणत नाही. इंग्लंडमध्ये पदवी बहुधा तीन वर्षांची असते आणि पहिल्या दिवसापासून मुख्यतः इतिहासच असतो. स्कॉटलंडमध्ये चार वर्षं. अमेरिकी पद्धतीत चार वर्षांपैकी मुख्य विषयाचे साधारण दहा-बारा कोर्स, बाकी इतर. तुझं दुसरं विद्यापीठ या शेवटच्या वळणाचं दिसतं. तुला इतिहासच करायचा आहे हे पक्कं असेल तर पहिल्या वर्षी इतिहास किती मिळणार ते मोजून बघ. पण बाहेरचे विषय म्हणजे वेळ वाया असं समजू नकोस. पहिल्या महायुद्धानंतर स्ट्रासबूर्गच्या विद्यापीठात मार्क ब्लॉक आणि ल्युसिएं फेव्र हे दोन इतिहासकार एकत्र आले. तिथेच समाजशास्त्रज्ञ मॉरिस आल्बवाक्स होते, मानसशास्त्र, भूगोल, भाषाशास्त्राची माणसं होती, आणि ती एकमेकांच्या चर्चांना बसत. त्या सहवासातून १९२९ मध्ये 'आनाल' हे नियतकालिक निघालं आणि किमती, हवामान, पिकं, लोकांची मनोवृत्ती हे सगळं इतिहासाचा विषय झालं. हे पॅरिसमध्ये घडलं नाही, पॅरिसचं बोलावणं दोघांना पुढे आलं. तेव्हा दुसऱ्या विद्यापीठात अर्थशास्त्र, भूगोल किंवा संख्याशास्त्राचे कोर्स इतिहासाच्या जोडीने घेता येत असतील तर ती खरी संधी आहे.

'इतिहास घेऊन पुढे काय?' हा प्रश्न घरात येणारच. माझे विद्यार्थी वकिलीत आहेत, पत्रकारितेत आहेत, प्रशासनात, शाळांत, संग्रहालयांत, प्रकाशनात आहेत. यातल्या प्रत्येक ठिकाणी जाडजूड कागदपत्रं वाचून, त्यातलं विश्वासार्ह काय ते वेगळं करून, दोन पानांत मांडावं लागतं. शेरे खाऊन खाऊन ज्यांचं लिखाण घडलं त्यांना हे जमतं. कर्ज काढून नावाजलेल्या ठिकाणी जायचं असेल तर मात्र घरच्यांसोबत बसून शांतपणे हिशेब कर. संशोधनाकडे वळलीस तर कमाई उशिरा सुरू होते, आणि पदवीचं कर्ज डोक्यावर असेल तर एम.ए.चा विचारच सुटतो. असं सोडून दिलेल्या मुली मला नावानिशी आठवतात.

आता तुझ्या तिसऱ्या कॉलेजबद्दल. चार शिक्षकांच्या विभागात आमचा विषय फार छान शिकता येतो. एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके मोजक्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन मूळ कागद वाचत, त्यातूनच सेमिनार ही पद्धत रुजली आणि पसरली. लहान विभाग हे रोज करू शकतो. पण धोकेही चारांचेच असतात. एक रजेवर गेला की पाव विभाग गेला. चौघेही एकाच काळाचे, एकाच प्रदेशाचे असतील तर तीन वर्षं तू एकाच खिडकीतून बघशील. आणि एखाद्याशी पटलं नाही तर टाळायला जागा नसते. म्हणून चौघांचे विषय काय, ते तिथे किती वर्षं आहेत, आणि गेल्या पाच वर्षांत त्यांनी काही लिहिलं का, एवढं शोध. लिहिता शिक्षक समासातले शेरेही वेगळे लिहितो, कारण त्याच्या लिखाणावरही कुणीतरी 'कशावरून?' विचारलेलं असतं.

तिन्ही विभागांना एकेक पत्र पाठव. लांब नको. प्रश्न चार पुरेत: पहिल्या वर्षी किती निबंध लिहावे लागतात आणि शेरे किती दिवसांत मिळतात, लघुप्रबंधाच्या मार्गदर्शनाची व्यवस्था काय आहे, कोणत्या भाषा शिकता येतील, आणि एखाद्या तासाला येऊन बसता येईल का. आठवडाभरात माणसाने माणसाला लिहिल्यासारखं उत्तर आलं तर ते त्या कॉलेजच्या बाजूने मोठी जमा धर. छापील माहितीपत्रकाचा दुवा आला तर विभागातल्या एखाद्या शिक्षकाला थेट लिही, कारण कार्यालयाची ढिलाई शिक्षकांच्या माथी मारू नये. तासाला बसायला मिळालं तर शिक्षक किती छान बोलतात यापेक्षा मुलं काय विचारतात ते ऐक, आणि चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाशी शिक्षक कसे बोलतात ते पाहा.

एवढं कळल्यावरही कौल मागशील तर सांगते. पहिल्या कॉलेजात दहा-पंधराचे गट आणि शेरे लिहून परत येणारे निबंध असतील, तर घरच्यांचं ऐक, तिथेच जा. तसं नसेल आणि तिसऱ्याच्या चौघांत किमान तीन वेगवेगळे काळ शिकवणारे असतील, तर मी तुला तिसऱ्यात पाठवेन. दुसऱ्याचं पारडं भाषेवर ठरेल: तिथे फारसी, अरबी, डच यांसारखी एखादी भाषा रीतसर शिकवत असतील तर चार वर्षं सार्थकी लागतील, आणि मग बाकीच्या दोघांपेक्षाही ते सरस ठरू शकतं. पत्रांची उत्तरं आली की ती जशीच्या तशी इथे टाक. लघुप्रबंधांची शीर्षकं मिळाली तर तीही. आपण बसून वाचू.